आर्थिक सल्लागार निवडताना लागणाऱ्या संज्ञा (भारत)

बँकेतला रिलेशनशिप मॅनेजर, विमा एजंट, म्युच्युअल फंड वितरक, सनदी लेखापाल आणि सेबीकडे, म्हणजे भांडवल बाजाराच्या नियामकाकडे, नोंदलेला गुंतवणूक सल्लागार हे सगळेच पैसे कुठे गुंतवावेत ते सांगतात. त्यांच्या बोलण्यातले शब्दही बहुतेक सारखेच असतात : परतावा, जोखीम, उद्दिष्ट, पोर्टफोलिओ. फरक एवढाच की प्रत्येकाला मोबदला वेगळ्या खिशातून मिळतो आणि कायद्याने प्रत्येकावर वेगळी जबाबदारी असते. सल्लागाराशी पहिली बैठक होण्यापूर्वी पुढील संज्ञा नीट समजल्या, तर समोरच्याच्या प्रत्येक शिफारशीमागे कोणाचे हित आहे ते ओळखता येते.

गुंतवणूक सल्लागार, वितरक आणि एजंट

सेबीची गुंतवणूक सल्लागार नियमावली २०१३ साली आली. तिच्यानुसार नोंदणीकृत सल्लागार अशिलाशी विश्वस्ताच्या नात्याने वागायला बांधील असतो. अशिलाचे हित त्याला स्वतःच्या हिताआधी ठेवावे लागते आणि हितसंबंधांचा संघर्ष असेल तर तो उघड करावा लागतो. त्याचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. शेअरची शिफारस करणाऱ्या संशोधन विश्लेषकाचा क्रमांक ‘आयएनएच’ने सुरू होतो. त्याचे काम शेअरचा अभ्यास करणे आहे. तुमचे वय, कर्ज, मुलांचे शिक्षण यांचा विचार करून योजना आखणे हे त्याचे काम नव्हे.

म्युच्युअल फंड वितरकाकडे ‘अ‍ॅम्फी’चा, म्हणजे फंड कंपन्यांच्या संघटनेचा, एआरएन हा वितरक नोंदणी क्रमांक असतो. तो फंड विकतो आणि फंड कंपनीकडून कमिशन घेतो. त्याला फंडासंबंधी जुजबी सल्ला देण्याची मुभा आहे, पण २०२० नंतर स्वतःला ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ किंवा ‘वेल्थ अ‍ॅडव्हायजर’ म्हणवून घेण्याची नाही. कार्डावर असे बिरुद आणि खाली फक्त एआरएन क्रमांक दिसला, तर तिथेच थांबून खुलासा मागावा.

सनदी लेखापाल किंवा वकील यांनी आपल्या मूळ व्यवसायाच्या ओघात दिलेल्या सल्ल्यासाठी सेबीची वेगळी नोंदणी लागत नाही. विमा एजंटावर विमा नियामकाचे, म्हणजे ‘इर्डाय’चे नियम लागू होतात. ‘सीएफपी’ हे आर्थिक नियोजनाचे प्रमाणपत्र आहे. ते असणे चांगले, पण ते सेबीच्या नोंदणीची जागा घेत नाही.

एकट्याने काम करणाऱ्या नोंदणीकृत सल्लागाराला वितरणाचे काम करता येत नाही. संस्थेला दोन्ही करता येते, पण एकाच अशिलाला सल्लाही आणि कमिशनचे उत्पादनही, असे चालत नाही.

फी, कमिशन आणि खर्चाचे प्रमाण

गैरसमज सर्वात जास्त होतात ते इथे. ‘आमची सेवा मोफत आहे’ या वाक्याचा अर्थ बहुधा ‘तुम्ही वेगळा चेक देत नाही’ एवढाच असतो. १ ऑगस्ट २००९ पासून फंडात प्रवेश करतानाचे शुल्क, म्हणजे एंट्री लोड, बंद झाले. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचे दोन प्रकार मिळू लागले. ‘रेग्युलर’मध्ये वितरकाचे कमिशन योजनेच्या खर्चातच धरलेले असते, ‘डायरेक्ट’मध्ये ते नसते. २०१८च्या अखेरपासून हे कमिशन एकरकमी आगाऊ न देता ‘ट्रेल’ पद्धतीने द्यावे लागते, म्हणजे गुंतवणूक टिकून असेपर्यंत तिच्या चालू मूल्यावर दरवर्षी. २० लाखांच्या गुंतवणुकीवर ट्रेल ०.८ टक्के असेल, तर वितरकाला वर्षाला १६,००० रुपये मिळतात. बाजार वर गेला की ही रक्कमही वाढते.

‘एक्सपेन्स रेशो’ म्हणजे फंड चालवण्याचा वार्षिक खर्च, मालमत्तेच्या टक्केवारीत. तो रोज थोडा थोडा एनएव्हीतून, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीतून, वजा होतो, म्हणून खात्यात कधी वेगळा दिसत नाही. एक टक्क्याचा फरक किरकोळ वाटतो. पण १० लाख रुपये २० वर्षे १२ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ९६.५ लाख होतात आणि ११ टक्क्यांनी वाढले तर सुमारे ८०.६ लाख. जवळजवळ १६ लाख रुपये त्या एका टक्क्यात जातात.

यावरून डायरेक्ट हाच एकमेव शहाणपणाचा मार्ग असे मात्र ठरत नाही. पाच लाखांच्या गुंतवणुकीसाठी सल्लागाराला वर्षाला २०,००० रुपये फी दिली, तर तो खर्च चार टक्के झाला, ट्रेल कमिशनच्या कितीतरी पट. छोट्या रकमेसाठी प्रामाणिक वितरक स्वस्त पडू शकतो. मोठ्या रकमेसाठी ठरावीक फी जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते.

नोंदणीकृत सल्लागाराची फी दोन पद्धतींची असते. ठरावीक फीची कमाल मर्यादा एका कुटुंबामागे वर्षाला १,५१,००० रुपये आहे. सल्ल्याखालील मालमत्तेच्या टक्केवारीने फी घेतली, तर मर्यादा वर्षाला अडीच टक्के. व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांच्यासाठी या मर्यादा आहेत आणि जीएसटी त्यावर वेगळा. टक्केवारीच्या पद्धतीत एक गोष्ट बारकाईने पाहावी. आधीपासून वितरकामार्फत घेतलेली, म्हणजे कमिशन चालू असलेली गुंतवणूक या मालमत्तेतून वगळावी लागते. ती धरली असेल तर एकाच पैशावर दोनदा मोबदला जातो. फी बँकेमार्फतच द्यायची असते, रोखीने नाही.

आपण कमिशन देतो आहोत का, हे ठरवायला कोणाला विचारावे लागत नाही. दर सहामाहीला येणाऱ्या एकत्रित खाते विवरणात, म्हणजे सीएएसमध्ये, प्रत्येक योजनेपुढे वितरकाला दिलेले कमिशन रुपयांत छापलेले असते. योजनेच्या नावात ‘रेग्युलर’ आहे की ‘डायरेक्ट’ हेही तिथेच दिसते.

परताव्याच्या आकड्यांची भाषा

एक लाखाचे सहा वर्षांत १ लाख ८० हजार झाले, तर ‘एकूण परतावा’ ८० टक्के. त्याला सहाने भागून ‘वर्षाला १३.३ टक्के’ असे सांगण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती चुकीची आहे, कारण तिच्यात चक्रवाढ धरलेली नाही. चक्रवाढीने काढलेला वार्षिक दर, म्हणजे सीएजीआर, इथे सुमारे १०.३ टक्केच येतो. साध्या सरासरीचा धोका याहून मोठा असतो. एका वर्षी ५० टक्के वाढ आणि पुढच्या वर्षी ४० टक्के घट याची सरासरी अधिक ५ टक्के दिसते, पण शंभराचे प्रत्यक्षात नव्वद झालेले असतात.

एसआयपीत प्रत्येक हप्ता वेगवेगळ्या तारखेला जातो, म्हणून तिथे सीएजीआर चालत नाही, एक्सआयआरआर, म्हणजे प्रत्येक हप्त्याची तारीख धरून काढलेला वार्षिक दर, लागतो. दरमहा १०,००० प्रमाणे वर्षभर १,२०,००० भरले आणि शेवटच्या हप्त्यानंतर महिन्याने मूल्य १,२७,२०० दिसले, तर नफा सहा टक्के वाटतो. पण पहिला हप्ता बारा महिने गुंतलेला होता आणि शेवटचा एकच महिना. एक्सआयआरआर ११ टक्क्यांच्या वर येतो.

विमा योजनेच्या बाबतीत हाच हिशेब उलट्या बाजूने उपयोगी पडतो. ‘दहा वर्षे एक लाख भरा, विसाव्या वर्षी दुप्पट, म्हणजे वीस लाख घ्या’ हे ऐकायला भरघोस वाटते, पण त्याचा वार्षिक दर सुमारे साडेचार टक्केच आहे. एजंटाने हप्ते आणि मिळणारी रक्कम तारखांसह कागदावर लिहून द्यावी आणि स्प्रेडशीटमध्ये तो दर काढून पाहावा. लाभाच्या तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे दोन स्तंभ दिसतात. ते गृहीत दर आहेत, हमी नव्हे. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या ‘फ्री लूक’ मुदतीत ती परत करता येते. चुकीची पॉलिसी गळ्यात पडली असेल, तर हे दिवस वाया घालवू नयेत.

‘वास्तविक परतावा’ म्हणजे कर आणि महागाई वजा करून उरलेला. ७ टक्के व्याजाच्या मुदत ठेवीवर वरच्या करटप्प्यातल्या व्यक्तीच्या हाती सुमारे ४.८ टक्के उरतात. महागाई ६ टक्के असेल, तर ठेव सुरक्षित असूनही तिची खरेदीशक्ती घटत जाते. त्याच महागाईने किंमत बारा वर्षांत दुप्पट होते. म्हणून निवृत्तीची किंवा शिक्षणाची रक्कम आजच्या भावात लिहिलेली योजना स्वीकारू नये.

जोखीम आणि वाटणी

फंडाच्या माहितीपत्रकावरचा ‘रिस्कोमीटर’ कमी ते अतिउच्च अशा सहा पायऱ्यांत योजनेची जोखीम दाखवतो, गुंतवणूकदाराची नव्हे. गुंतवणूकदारासाठी ‘रिस्क प्रोफाइल’ असते. नोंदणीकृत सल्लागाराने ते सल्ल्याआधी करणे बंधनकारक आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जायला हव्यात. तोटा सोसण्याची क्षमता उत्पन्न, कर्ज आणि हाताशी असलेला वेळ यांवर ठरते. तोटा पाहून शांत राहण्याची तयारी स्वभावावर. प्रश्नावलीत फक्त ‘बाजार २० टक्के पडला तर काय कराल?’ असेच प्रश्न असतील, तर क्षमता मोजलेलीच नाही. तीन वर्षांत घराचा पहिला हप्ता भरायचा असलेल्या धाडसी माणसालाही इक्विटीत, म्हणजे शेअरमध्ये, सगळे पैसे घालायला सांगणे चूक आहे.

‘अ‍ॅसेट अ‍ॅलोकेशन’ म्हणजे इक्विटी, कर्जरोखे, सोने यांतली वाटणी. ‘रीबॅलन्सिंग’ म्हणजे बिघडलेले प्रमाण पुन्हा जागेवर आणणे. इक्विटी आणि कर्जरोख्यांचे प्रमाण ६०:४०चे ७०:३० झाले की इक्विटी विकावी लागते आणि तिथे कर लागतो. एका वर्षाहून जास्त ठेवलेल्या इक्विटीवर वर्षाला सव्वा लाखापुढील नफ्यावर साडेबारा टक्के आणि त्याआधी विकली तर वीस टक्के. वर्षात चार वेळा रीबॅलन्सिंग सुचवणाऱ्याला कराचा हिशेब मांडायला लावावा.

‘डिस्क्रिशनरी’ हा शब्द पीएमएसच्या, म्हणजे पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवेच्या, करारात येतो. त्याचा अर्थ व्यवस्थापक दर व्यवहाराला तुमची परवानगी घेणार नाही. पीएमएसमध्ये किमान गुंतवणूक ५० लाख असते. साधा गुंतवणूक सल्लागार तुमचे पैसे किंवा शेअर स्वतःच्या खात्यात घेऊ शकत नाही. गुंतवणुकीची रक्कम स्वतःच्या नावावर भरायला सांगणारा, परताव्याची हमी देणारा किंवा मोफत ‘ट्रायल’ देणारा नियम मोडतो आहे, मग त्याच्याकडे क्रमांक असो वा नसो.

करार आणि तक्रार

फी घेण्याआधी लेखी करार हवा. त्यात फीची पद्धत, मुदतीआधी थांबल्यास फी परत मिळण्याची अट आणि सेवेची व्याप्ती लिहिलेली असावी. तक्रार आधी सल्लागाराकडेच करावी. दाद मिळाली नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर, जिथे संबंधिताला २१ दिवसांत उत्तर द्यावे लागते. तरीही तोडगा निघाला नाही तर ‘स्मार्ट ओडीआर’वर ऑनलाइन समेट आणि लवादाची सोय आहे. या वाटा नोंदणीकृतांविरुद्धच चालतात. नोंदणी नसलेल्याने ऑनलाइन फसवून पैसे काढून घेतले, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा लागतो किंवा पोलिसांकडे जावे लागते.