स्पितीचे खोरे : विरळ वस्तीमागचा इतिहास

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्हा सुमारे १३,८०० चौरस किलोमीटरचा असला, तरी २०११ च्या जनगणनेत तेथे ३१,५६४ माणसेच मोजली गेली, आणि त्यातही स्पितीचा वाटा लाहौलपेक्षा कमी होता. हे खोरे उजाड आहे म्हणून वस्ती विरळ, असे सहज म्हटले जाते. मात्र एवढ्याने उलगडा होत नाही.

पावसाळी वारे दक्षिणेकडच्या रांगांवर रिकामे होतात आणि स्पिती पर्जन्यछायेत कोरडी राहते. येथील खडक मुळात टेथिस या प्राचीन, आता लुप्त समुद्राच्या तळाचा गाळ असल्याने लांगझा गावाजवळ आजही अमोनाइट या नामशेष, वेटोळ्या शंखाच्या सागरी प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. शेतीचा सारा भरवसा वितळणाऱ्या बर्फावर आहे. उंचावरून काढलेले पाट, म्हणजे ‘कूल’, जेवढ्या जमिनीपर्यंत पोहोचतात तेवढ्यातच जव आणि वाटाणा पिकतो. जमीन वाढवता येत नव्हती, म्हणून ती वाटायचीही नाही, अशी रीत पडली : घरची शेती थोरल्या मुलाकडे जाई आणि धाकटे मठाची वाट धरत. वस्तीची मर्यादा अशी पाण्याने घातली आणि वारसा-रीतीने पाळली, हे मला या खोऱ्याच्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे सूत्र वाटते. मठांचे मूळ त्याहून जुने आहे. ताबोचा मठ इ. स. ९९६ मध्ये पश्चिम तिबेटातील गुगे राज्याच्या राजाश्रयाने उभा राहिला.

‘स्पिती’ म्हणजे मधली भूमी. गुगे, पुढे लडाख, अशा सत्तांच्या कडेला असलेले हे खोरे १८४६ मध्ये इंग्रजांनी स्वतःकडे ठेवले, कारण त्यांना पश्चिम तिबेटच्या लोकरीपर्यंत थेट वाट हवी होती. कारभार मात्र ‘नोनो’ या वंशपरंपरागत प्रमुखाकडेच राहिला, आणि १८७३ च्या नियमावलीने खुनाखेरीज इतर खटले चालवण्याचा अधिकारही त्याला मिळाला. लाहौलकडून स्पितीत उतरणारी कुंझुम खिंड वर्षातले अनेक महिने बर्फाखाली असताना कुल्लूहून राज्य चालवणे शक्यच नव्हते.

१९६० मध्ये पंजाब सरकारने लाहौल-स्पिती हा वेगळा जिल्हा केला आणि १९६६ मध्ये तो हिमाचलात आला. परदेशी प्रवाशांना स्पिती खुली झाली ती १९९२ मध्ये. रोहतांग खिंडीखालून जाणाऱ्या २०२० च्या अटल बोगद्याने लाहौलचा हिवाळी एकांत बराच मोडला; स्पितीला मात्र हिवाळ्यात अजूनही किन्नौरमार्गे, सतलजच्या काठाने येणाऱ्या रस्त्याचाच आधार आहे.