जिमखान्याचं ब्रँडिंग आणि जिमखान्याची प्रसिद्धी

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की सोलापुरातल्या कॉलेजांच्या गेटवर फ्लेक्स झळकतात. वर मान्यवरांच्या फोटोंची रांग, मध्ये संघ, खाली शुभेच्छुक. जिमखान्याच्या बैठकीत या खर्चाला ‘ब्रँडिंग’ म्हणतात. खरं तर ही प्रसिद्धी झाली, आणि या गल्लतीत ब्रँडिंगसाठी पैसेही उरत नाहीत आणि वेळही.

प्रसिद्धीला तारीख असते. अमुक दिवशी, अमुक मैदानावर कबड्डीची फायनल आहे, बघायला या. काम झालं की ती संपते, संपायलाच हवी. ब्रँडिंग म्हणजे संघाची कायमची ओळख: रंग, चिन्ह, नाव आणि मैदानावरची वागणूक. कॉलेजला ती जास्तच लागते, कारण इथला संघ तीन-चार वर्षांत अख्खा बदलतो. एखाद्या गाजलेल्या रेडरच्या चेहऱ्यावर ओळख उभी केली, तर तो पास होऊन गेला की तीही गेली.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे मक्यासारखा पिवळा आणि निळा हे रंग 1867 मध्ये विद्यार्थ्यांच्याच समितीने ठरवले. आज तिथल्या लाखाहून जास्त प्रेक्षक मावणाऱ्या स्टेडियममध्ये तेच दिसतात. आपल्याकडे मात्र यंदाचा प्रायोजक सांगेल तो जर्सीचा रंग. खो-खोचा संघ निळा, व्हॉलीबॉलचा भगवा, ॲथलेटिक्सवाले घरच्या टी-शर्टवर. गणवेश शिवण्यात ज्या शहराचं नाव आहे, तिथे तरी हे चालू नये.

उपाय अवघड नाही. एकदा रंग ठरवा आणि ‘मरून’ एवढंच लिहून थांबू नका. मरून एका छपाईवाल्याकडे वांग्याचा होतो, दुसऱ्याकडे चॉकलेटी. कापडाचा तुकडा आणि छपाईच्या रंगाचा क्रमांक जिमखान्याच्या फाइलमध्ये लावून ठेवा. चिन्हाची मूळ फाइल कॉलेजकडे हवी. मागच्या वर्षीच्या सेक्रेटरीच्या मोबाइलमधला फोटो ताणून मोठा केला की चिन्हाच्या कडा फाटतात. प्रायोजकाचं नाव बाहीवर किंवा पाठीवर जाऊ द्या, छातीवर कॉलेजच. आणि हरल्यावर पंचांशी हुज्जत घालणारा संघ असेल, तर कितीही देखणं चिन्ह त्याला वाचवत नाही.

प्रसिद्धीचं तंत्र याच्या उलट आहे. ओळख सगळ्यांसाठी एकच. प्रसिद्धी ऐकणाऱ्यागणिक बदलायला हवी. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड घराघरांत बोलली जाते. पूर्व भागातल्या पालकांना मुलीची मॅच बघायला बोलवायचं, तर व्हॉट्सअ‍ॅपवर तेलुगूतला अर्ध्या मिनिटाचा ऑडिओ फ्लेक्सपेक्षा जास्त माणसं आणेल. अक्कलकोटकडे तोच निरोप कन्नडमध्ये पाठवावा. वर्तमानपत्राला बातमी त्याच संध्याकाळी द्यावी: निकाल, गुण, खेळाडूंची पूर्ण नावं आणि फोटोत डावीकडून कोण कोण. जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अख्खं शहर गुंतलेलं असतं, तेव्हा मैत्रीपूर्ण सामने ठेवून प्रेक्षकांची वाट बघू नये.

एका जागी मात्र प्रसिद्धीवाचून गत्यंतर नाही. आपला खेळाडू ‘कलर होल्डर’ झाला, म्हणजे विद्यापीठाच्या संघात निवडला गेला, की अश्वमेध या राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवात किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेत तो पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या जर्सीत उतरतो. तिथे कॉलेजचा रंग अंगावर नसतो. तो कोणत्या कॉलेजचा, कोणत्या मैदानावर घडला, हे आपण सांगितलं तरच लोकांना कळतं. तेव्हा त्याचा फोटो मोठा लावा, मान्यवरांचे लहान केले तरी चालतील.

दोन्हींचं मोजमापही वेगळं. प्रसिद्धी चालली का, हे फायनलला आलेल्या माणसांवरून दुसऱ्या दिवशीच कळतं. ओळख तयार झाली का, ते प्रवेशाच्या दिवसांत दिसतं. माळशिरसकडची खो-खो खेळणारी बारावी पास मुलगी फ्लेक्स बघून कॉलेज निवडत नाही. तिथे आधीच शिकणाऱ्या ताईला ती विचारते: सकाळचं मैदान रोज चालतं का, सर स्वतः येतात का, स्पर्धेला जाताना राहायची सोय नीट असते का. या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या जिमखान्यात दरवर्षी तीच येतात, तिथे निवड चाचणीला मुली आपणहून येतात. म्हणून यंदाच्या बजेटमध्ये आधी सगळ्या खेळांच्या एकाच रंगाच्या जर्सी आणि प्रवासाची सोय धरा. फ्लेक्सचा आकडा त्यानंतर घाला.