लेक्चर रेकॉर्ड केलं की नोट्स नकोत?

बऱ्याच वर्षांनी नर्सिंगसाठी पुन्हा वर्गात बसणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: ‘सगळं रेकॉर्ड कर, लिहीत बसू नकोस.’ चूक आहे हे. तासाभराचं रेकॉर्डिंग ऐकायला तासच लागतो, आणि घर-नोकरी सांभाळून तो काढणार कोण? शिवाय नुसतं ऐकलेलं ओळखीचं वाटतं, पेपरात आठवत नाही. लिहिताना निवडावं लागतं. उदाहरणार्थ, डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाबद्दल ‘डिगॉक्सिनआधी एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजलेले ठोके) पूर्ण १ मिनिट, प्रौढात ६०च्या खाली तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवा’, एवढी ओळ पुरते. काही निसटलं तर समासात फक्त रेकॉर्डिंगमधली वेळ टाका, जसं २३:४०, आणि रात्री तेवढाच तुकडा ऐका. मग वही मिटून स्वतःलाच प्रश्न विचारा. रेकॉर्डिंगला शिक्षकांची परवानगी आधी घ्या. वॉर्डात रुग्णासमोर मात्र फोन खिशातच.