धावत्या रेल्वेतील टपाल-वर्गवारी

गाडीला जोडलेल्या खास डब्यात टपालाच्या थैल्या फोडून, पत्रे ठिकाणवार लावून, पुढच्या स्थानकांसाठी नव्या थैल्या बांधण्याची पद्धत. प्रवासातला वेळच वर्गवारीला मिळत असल्याने पत्र गाडीतून उतरते तेव्हा वाटपाच्या टपालघराकडे जाण्यास तयार असते. भारतात हे काम टपाल खात्याची रेल्वे मेल सर्व्हिस (आरएमएस) ही शाखा करी.

पहिला प्रयोग इंग्लंडमध्ये जानेवारी १८३८ मध्ये ग्रँड जंक्शन रेल्वेवर, घोडे नेण्याच्या डब्यात फेरफार करून झाला. तेथील ही सेवा जानेवारी २००४ मध्ये थांबली. भारतातील आरंभाबद्दल एकवाक्यता नाही. काही जण तो १८६० च्या आसपास, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेवर मेल गार्ड नेमले गेले तेव्हापासून धरतात. बहुतेक जण १ मे १८६४ रोजी अलाहाबाद–कानपूर मार्गावर सुरू झालेल्या सेक्शनपासून, म्हणजे ठरावीक मार्गावरच्या फिरत्या वर्गवारीपासून. मतभेदाचे मूळ व्याख्येत आहे. मेल गार्ड बंद थैल्या सांभाळून नेई, त्या फोडत नसे. वर्गवारी हा निकष मानल्यास १८६४ हेच वर्ष अधिक ग्राह्य ठरते. पुण्यापुरते एवढे निश्चित, की खंडाळा–पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये खुला झाला तरी बोरघाटाचा टप्पा १८६३ पर्यंत पुरा झाला नव्हता. मधला घाट रस्त्यानेच उतरावा लागे. तोवर मुंबई–पुणे सलग धावणारा टपालडबा असणे शक्यच नव्हते.

डब्याच्या भिंतीला वर्गवारीचे खण, त्यांखाली अरुंद फळी आणि थैल्या अडकवायला आकडे असत. कर्मचाऱ्यांच्या तुकडीला ‘सेट’ म्हणत. हेड सॉर्टरच्या हाताखाली सॉर्टर, मेल गार्ड आणि व्हॅन पिऊन असत. थैली आली की मेल लिस्टशी, म्हणजे थैल्यांच्या यादीशी, ताळा घेऊन लाखेचा शिक्का तपासत. सुतळी कापताना शिक्का आणि लेबल शाबूत ठेवत, कारण आतला माल कमी भरल्यास तोच पुरावा. रिकामी थैली उलटी करून पाहण्याचा नियम होता. शिवणीत पोस्टकार्ड अडकून राहत असे. मग पत्त्यांची बाजू एकसारखी करून पत्रे खणांत पडत. ज्या ठिकाणांचे टपाल जास्त, त्यांचे खण हाताच्या उंचीवर ठेवणे सोयीचे. पुरेशी पत्रे जमली की बंडल बांधून वर चेक स्लिप लावत व तीवर सेक्शनचा शिक्का मारत. चुकीचे पत्र पुढे कुणाला सापडले की त्या शिक्क्यावरून सेट शोधता येई. रजिस्टर्ड आणि विमा टपालाचा हिशेब वेगळा, नोंदवार.

कामाचा क्रम थांब्यांवर ठरतो: जे स्थानक आधी, त्याची थैली आधी बंद. पुण्याहून मुंबईकडे जाताना लोणावळा, कर्जत, कल्याण ही बंडले मुंबईच्या आधी बांधून व्हावी लागत. थैली उतरवायची राहिली तर ती पुढे जाऊन उलट गाडीने परते.

अधिक त्रास सारख्या नावांचा. नुसते ‘वडगाव’ लिहिलेले पत्र मावळातले, शेरीचे, बुद्रुकचे की कोल्हापूरकडच्या पेठ वडगावचे? पहिले मुंबईच्या वाटेवर, शेवटचे मिरजेच्या. शिरूरही पुणे जिल्ह्यात आणि बीडमध्येही. सॉर्टरला ड्यू मेल व सॉर्टिंग लिस्ट, म्हणजे कोणत्या थैल्या घ्यायच्या-द्यायच्या आणि कुठले पत्र कुठल्या खणात जायचे याच्या याद्या, तोंडपाठ असाव्या लागत. हा पाठांतराचा भार १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोडने हलका केला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पिनमधला तिसरा अंक वर्गवारी जिल्हा दाखवतो, त्यामुळे ४११ पाहताच पत्र पुण्याच्या खणात टाकता येते.

मिरजेकडचा लोहमार्ग दीर्घकाळ मीटरगेज होता. ब्रॉडगेजचा डबा पुढे जाऊ शकत नसे आणि थैल्या पुण्यात बदलाव्या लागत. आरएमएसच्या रचनेत पुणे हे ‘बी’ विभागाचे, तर मिरज ‘बीएम’ विभागाचे ठाणे. जुन्या टपालावरील शिक्क्यांत सेक्शनचे अक्षर व क्रमांक, सेट क्रमांक आणि ‘आउट’ किंवा ‘इन’ असते. मुख्यालयातून निघालेली फेरी आउट, परतीची इन. संग्राहक यांवरूनच पत्राचा मार्ग लावतात. डब्यालाच पेटी असे. टपालघराची वेळ टळल्यावर स्थानकावर येऊन लेट फीचे जादा तिकीट लावून पत्र तीत टाकता येई.

१९८० च्या दशकात डब्यातील वर्गवारी टप्प्याटप्प्याने बंद होत गेली आणि ते काम स्थानकांलगतच्या कार्यालयांत आले. त्यानंतरच्या ट्रान्झिट सेक्शनमधून फक्त बंद थैल्या जात, म्हणजे मेल गार्डच्या काळासारखेच.