फोक्सवॅगन

फोक्सवॅगन : जगातील सर्वांत मोठ्या मोटार समूहांपैकी एक जर्मन कंपनी. मुख्यालय उत्तर जर्मनीत लोअर सॅक्सनी राज्यातील वोल्फ्सबुर्ग येथे. ऑडी, स्कोडा, सेआट, पोर्शे, बेंटली, लाम्बोर्गिनी ही मोटारींची नावे आणि मान, स्कानिया हे ट्रकचे कारखाने याच समूहातले. जर्मन भाषेत ‘फोल्क’ म्हणजे लोक आणि ‘वागन’ म्हणजे गाडी. मूळ उच्चार ‘फोल्क्सवागन’च्या जवळ जातो, पण वर्तमानपत्रापासून गॅरेजपर्यंत आपल्याकडे फोक्सवॅगन हेच रूप रुळले आहे. लोकांची गाडी हे नाव कंपनीने मेहनतीने कमावलेले नाही. ते तिला सत्तेने दिले, आणि त्या नावातला शब्द खरा करायला पुढे दहाएक वर्षे, एक महायुद्ध आणि एक परकी लष्करी अधिकारी लागला.

नाझी काळातील जन्म

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत मोटार ही श्रीमंतांची चैन होती. सामान्य माणूस फार तर मोटारसायकल घेई. दोन मोठी माणसे आणि तीन मुले बसतील, ताशी १०० किलोमीटर वेगाने जाईल आणि हजार मार्कांच्या आत मिळेल, अशी गाडी हिटलरला हवी होती. २२ जून १९३४ रोजी जर्मन मोटार उद्योगाच्या संघटनेने फर्डिनांड पोर्शे या अभियंत्याशी तिच्या आराखड्याचा करार केला. मागे इंजिन, हवेने थंड होणारी रचना आणि गोलसर पाठ या कल्पना एकट्या पोर्शेच्या नव्हत्या. चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीत हान्स लेडविंका तशाच गाड्या बनवत होता, आणि योसेफ गांझ हा ज्यू अभियंता व पत्रकार लहान, स्वस्त गाडीचा आग्रह कितीतरी आधीपासून धरत होता. नाझी राजवटीत गांझला देश सोडावा लागला. टाट्राने केलेला दावा युद्धानंतर भरपाई देऊन मिटवावा लागला.

ठरवलेल्या ९९० मार्कांत गाडी परवडणार नाही, हे खासगी कारखानदारांना स्पष्ट दिसत होते. म्हणून ‘जर्मन श्रमिक आघाडी’ या नाझी संघटनेने हे काम अंगावर घेतले. कामगार संघटना मोडून त्यांची जप्त केलेली मालमत्ता तिच्या हाताशी होती. २८ मे १९३७ रोजी कंपनीची नोंदणी झाली. पुढच्या वर्षी २६ मे रोजी फालर्सलेबेनजवळच्या मोकळ्या रानात खुद्द हिटलरच्या उपस्थितीत कारखान्याची कोनशिला बसली.

गाडी विकण्याची तऱ्हा आपल्याकडच्या भिशीची आठवण करून देणारी, पण फरक असा की भिशीत प्रत्येकाचा नंबर कधीतरी लागतो. आठवड्याला ५ मार्कांचे तिकीट घ्यायचे, कार्डावर चिकटवायचे, कार्ड भरली की गाडी. व्याज नाही. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी तिकिटे चिकटवली आणि त्यांपैकी एकालाही या योजनेतून गाडी मिळाली नाही. युद्ध सुरू झाले आणि कारखाना लष्करी क्यूबेलवागन, पाण्यात चालणाऱ्या गाड्या व व्ही-१ बॉम्बचे भाग बनवू लागला. युद्धानंतर काही ठेवीदार कोर्टात गेले. खटला १९६१ पर्यंत रेंगाळला आणि तडजोडीत नव्या गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट किंवा रोख १०० मार्क पदरात पडले.

यापेक्षा काळा भाग कामगारांचा. युद्धकाळात सुमारे २० हजार लोकांकडून इथे सक्तीने काम करून घेतले गेले : पोलंड व सोव्हिएत संघातून आणलेले स्त्री-पुरुष, युद्धकैदी, छळछावण्यांतील ज्यू. गरोदर मजूर बायकांची मुले त्यांच्यापासून तोडून कारखान्याच्या ‘बालगृहा’त ठेवली जात. र्‍यूएन या गावी हलवलेल्या त्या बालगृहात तीनशेहून अधिक अर्भके दगावली. त्याबद्दल कारखान्याच्या डॉक्टरला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने फाशी दिली. कंपनीने हा इतिहास लिहून घ्यायचे काम हान्स मोमझेन या इतिहासकाराकडे १९८६ मध्ये सोपवले, ग्रंथ १९९६ मध्ये आला आणि हयात कामगारांसाठी निधी १९९८ मध्ये उभा राहिला. तोवर बहुतेक जण राहिले नव्हते.

मेजर हर्स्ट आणि वोल्फ्सबुर्ग

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य आले, मग हा भाग ब्रिटिशांच्या ताब्यात गेला. मे महिन्यात गावाला जवळच्या गढीवरून वोल्फ्सबुर्ग हे नाव मिळाले, कारण आधीचे नाव होते ‘फालर्सलेबेनजवळील केडीएफ गाडीचे शहर’ (केडीएफ म्हणजे ‘आनंदातून शक्ती’, ही श्रमिक आघाडीची करमणूक योजना), म्हणजे नाझींची पाटीच. बॉम्बवर्षावात छपरे उडालेल्या या कारखान्यात ऑगस्टमध्ये मेजर आयव्हन हर्स्ट दाखल झाला. हा पेशाने अभियंता. यंत्रे उखडून नुकसानभरपाई म्हणून न्यायची, हाच तेव्हाचा रिवाज होता. हर्स्टने तिथे सापडलेली एक गाडी हिरवी रंगवून ब्रिटिश मुख्यालयात नेऊन दाखवली. सैन्याला वाहनांची चणचण होतीच. २० हजार गाड्यांची मागणी नोंदवली गेली. २७ डिसेंबर १९४५ ला नागरी गाडीचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि मार्च १९४६ मध्ये महिन्याला हजार गाड्या निघू लागल्या.

ब्रिटिश मोटार कारखानदारांनी हा कारखाना पाहून नाक मुरडले होते. गाडी बेढब, आवाज फार, कोण घेणार? व्यापाराच्या इतिहासात एवढा महाग पडलेला नकार क्वचितच सापडेल. १९४८ च्या जानेवारीत ओपेलमधून आलेल्या हाइनरिख नोर्डहोफकडे सूत्रे गेली, आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये ब्रिटिशांनी कारखाना जर्मन सरकारच्या हवाली केला. पुढे १९६० च्या खास कायद्याने कंपनीचे बरेचसे भागभांडवल जनतेला विकले गेले, तरी लोअर सॅक्सनीने आपला वाटा राखला. आजही त्या राज्याकडे सुमारे २० टक्के मते आहेत. त्यामुळे इथला एखादा कारखाना बंद करणे हा नुसता हिशेबाचा प्रश्न राहत नाही, त्याचे राजकारण होते. या व्यवस्थेबद्दल भागधारक कुरकुरतात, कामगार मात्र तिच्यावर विसंबून असतात.

भुंगेरा

जर्मन लोक या गाडीला ‘केफर’, म्हणजे भुंगेरा म्हणत. जगात ती बीटल म्हणून ओळखली गेली. इंजिन मागे, चार सिलिंडर आडवे आणि पाण्याऐवजी हवेने थंड होणारे. रेडिएटरच नाही, त्यामुळे बर्फात पाणी गोठायचे नाही आणि वाळवंटात उकळायचेही नाही. थंडीत आतली ऊब बेताची आणि सामानाला जागा कमी, पण साध्या हत्यारांनी दुरुस्त होई. नोर्डहोफने बाहेरचा आकार जवळपास तसाच ठेवला आणि आतले भाग वर्षानुवर्षे सुधारत राहिला. शिवाय गाडी विकण्याआधी तिथे सुटे भाग आणि मेकॅनिक पोहोचले पाहिजेत, असा त्याचा हट्ट होता. माझ्या मते कंपनीच्या नावलौकिकाचा खरा पाया हा आहे, तांत्रिक चमत्कार नव्हे. ५ ऑगस्ट १९५५ ला दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

अमेरिकेत नाझी खुणेची ही गाडी कोण घेणार, हा प्रश्न होता. १९५९ मध्ये डॉइल डेन बर्नबाख या जाहिरात संस्थेने पांढऱ्याशुभ्र पानाच्या कोपऱ्यात एवढीशी गाडी छापली आणि खाली ओळ दिली : थिंक स्मॉल. मोठ्या, पंखवाल्या मोटारींच्या जमान्यात आपला लहानपणा कंपनीने लपवला नाही, उलट मिरवला. पुढच्या एका जाहिरातीत आपल्याच गाडीला ‘लेमन’, म्हणजे खराब निघालेला माल म्हटले होते, कारण एका पट्टीवरच्या डागामुळे तपासनिसाने ती नापास केली होती. फोक्सवॅगन खोटे बोलत नाही, अशी समजूत तिथून रुजली. १९५० पासून आलेली डब्याच्या आकाराची ट्रान्सपोर्टर बस हिप्पींनी आपलीशी केली, तेव्हा तर गाडीचा जन्म कुठे झाला हेही लोक विसरले.

१७ फेब्रुवारी १९७२ रोजी १,५०,०७,०३४ वी बीटल तयार झाली आणि फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला. पण याच बीटलने कंपनीला बुडवत आणले होते, कारण तिच्या जागी काय आणायचे याचे उत्तर नोर्डहोफकडे नव्हते. ते उत्तर आयते हाती आले, विकत घेतलेल्या ऑडी आणि एनएसयू या कंपन्यांकडून : इंजिन पुढे, पाण्याने थंड होणारे, पुढची चाके ओढणारी. १९७३ मध्ये पासात आली आणि १९७४ मध्ये जॉर्जेटो जुजारो या इटालियन रेखाटनकाराची कोनीदार गोल्फ. गोल्फ साडेतीन कोटींहून अधिक विकली गेली आहे. बीटल मेक्सिकोतील पुएब्ला येथे २००३ पर्यंत बनत राहिली. शेवटचा आकडा २,१५,२९,४६४.

समूह

१९९३ ते २००२ फर्डिनांड पीएख हा पोर्शेचा नातू प्रमुख होता. सेआट, स्कोडा आधीच आल्या होत्या. १९९८ च्या एका वर्षात बेंटली, बुगाटी आणि लाम्बोर्गिनी घेतल्या गेल्या. एकाच सांगाड्यावर वेगवेगळ्या नावांच्या गाड्या बांधायची पद्धत त्याने पक्की केली. दारांच्या फटी किती मिलिमीटरच्या असाव्यात यावरही त्याची नजर असे. २००८ मध्ये आकाराने कितीतरी लहान पोर्शे कंपनीने फोक्सवॅगन गिळायचा प्रयत्न केला, शेअर काही काळ हजार युरोंच्या वर गेला, आणि अखेर पोर्शेच या समूहात विलीन झाली. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात १९७३ पासून करीवुर्स्ट नावाचे सॉसेजही बनते आणि त्याला चक्क सुट्या भागाचा क्रमांक आहे : १९९ ३९८ ५०० ए. काही वर्षी फोक्सवॅगन गाड्यांपेक्षा सॉसेज जास्त खपले.

डिझेल घोटाळा

२०१३ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी डिझेल गाड्यांच्या डिकीत धूर मोजायचे यंत्र बांधून त्या थेट रस्त्यावर चालवल्या. यात भारतीय विद्यार्थीही होते. डिझेल किती स्वच्छ असू शकते हे पाहायचा त्यांचा हेतू होता. प्रयोगशाळेत उत्तीर्ण होणाऱ्या फोक्सवॅगन रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकी पर्यावरण संस्थेने नोटीस काढली, तीत ४० पटींपर्यंतचा उल्लेख होता.

युक्ती अशी. चाचणीत गाडी रोलरवर चढवतात. चाके फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही आणि वेगाचा क्रम ठरलेला असतो. इंजिनाचे सॉफ्टवेअर या खुणा ओळखून धूर शुद्ध करणारी यंत्रणा पूर्ण चालू करी आणि रस्त्यावर आल्यावर आखडती घेई. यंत्रणा कायम चालू ठेवावी तर इंधन जास्त लागते आणि धूरगाळणीवर ताण येतो. आपल्याकडची पीयूसी तपासणी गाडी उभी करून होते. ही चाचणी तिच्यापेक्षा फार कडक, पण परीक्षेचा हॉल ओळखता आला की कडकपणाला अर्थ उरत नाही.

जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होते. प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांनी पाच दिवसांत राजीनामा दिला. २०१७ मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. दंड, भरपाई आणि परत घेतलेल्या गाड्या मिळून खर्च ३० अब्ज युरोंच्या पुढे गेला, आणि मे २०२५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. ‘दास ऑटो’ हे घोषवाक्य कंपनीने डिसेंबर २०१५ मध्येच गुंडाळले. विक्री मात्र कोसळली नाही. २०१६ मध्ये समूह टोयोटाला मागे टाकून जगात पहिला आला. गिऱ्हाईक धुरापेक्षा हप्ता आणि दाराचा घट्ट आवाज पाहते, एवढाच त्याचा अर्थ लागतो. खरा फटका पुढे चीनमधून बसला. १९८४ पासून पाय रोवलेल्या त्या बाजारात २०२३ मध्ये बीवायडी या चिनी कंपनीने फोक्सवॅगनचे पहिले स्थान घेतले. डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसार जर्मनीत २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी होणार आहेत.

महाराष्ट्रात

समूहाचे पहिले पाऊल स्कोडाच्या रूपाने औरंगाबादजवळ शेंद्रा इथे पडले. फोक्सवॅगनचा स्वतःचा कारखाना आधी विशाखापट्टणमला होणार होता. पण आंध्र सरकारने ११ कोटींहून अधिक रक्कम फोक्सवॅगनशी संबंध नसलेल्या भलत्याच कंपनीला दिल्याचे २००५ मध्ये उघड झाले, सीबीआय चौकशी लागली आणि प्रकल्प पुण्याकडे वळला. चाकणचा कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला. गुंतवणूक सुमारे ३,८०० कोटी. पोलो २०१० मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी व्हेंटो गाडीच्या जाहिरातीसाठी वर्तमानपत्राच्या पानावर बोलणारे यंत्र चिकटवले होते आणि पेपर उघडताच तो बोलू लागल्याने अनेकांची सकाळ दचकून सुरू झाली.

इथे गाडीची ख्याती दुहेरी आहे. पत्रा जाड, हायवेवर रस्ता धरून चालणारी, पण सर्व्हिस महाग आणि सुटे भाग लवकर मिळत नाहीत, असे मालक सांगतात. सात गिअरच्या डीएसजी (दोन क्लचच्या) ऑटोमॅटिकबद्दल सेकंडहँड घेणारा हमखास विचारतो. त्या गिअरबॉक्ससाठी चीनमध्ये २०१३ साली ३ लाख ८० हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. डिझेल प्रकरणात पुण्याच्या एआरएआय या वाहने तपासणाऱ्या संस्थेच्या चाचण्यांत रस्त्यावरचा धूर बीएस-४ या भारतीय मानकातल्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळला. कंपनीने ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवायचे जाहीर केले. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. भारतात रस्त्यावरच्या धुराची मर्यादाच नव्हती, मग नियम कुठला मोडला, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

त्याच वर्षी स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या भारतीय कंपन्या एक झाल्या. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. चाकणमधून आता टायगुन आणि व्हर्टस निघतात, आणि त्यांतल्या बऱ्याच परदेशी जातात.