तीरकामठ्याने हरणाची शिकार (खानदेश)

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा लोकांची जुनी शिकारीची पद्धत. धडगाव-अक्कलकुव्यापासून शिरपूर, चोपडा, यावलपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात चितळ, सांबर, भेकर अशी जनावरं तीरकामठ्याने (धनुष्यबाणाने) मारायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असायला हवा, कारण आता जंगलात जनावर उरलंय किती. पण त्यामागचं जे ज्ञान होतं ते नीट लिहून ठेवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कामठा बांबूचा. दोरीसुद्धा बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची, म्हणजे बाजारातून काही आणायची गरजच नाही, फक्त बाणाचं लोखंडी पातं तेवढं लोहाराकडून. बाणाच्या मागे पिसं दोऱ्याने घट्ट गुंडाळलेली. माशासाठीचा बाण वेगळाच असायचा, त्याचं पातं दोरीने काडीला बांधलेलं, पातं माशात रुतलं की काडी सुटून पाण्यावर तरंगते आणि मासा कुठे गेला ते कळतं. बाण ओढताना अंगठा लावत नाहीत, पहिलं आणि मधलं बोट वापरतात, एकलव्याने अंगठा दिला तेव्हापासून असंच, असं सांगतात.

आता मुख्य गोष्ट. लोकांना वाटतं नेम भारी असला की शिकार झाली, पण तसं नाहीये. बाण बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने पाडत नाही, तो आत कापतो आणि रक्त जाऊन जनावर पडतं, त्यामुळे वीस-पंचवीस पावलांवर पोचल्याशिवाय उपयोग नाही, आणि खरं कसब त्या पोचण्यातच. उन्हाळ्यात पाणवठे आटतात आणि मोहाची फुलं पडतात, चितळं पहाटे ती खायला येतात, तेव्हा वारं तोंडावर घेऊन आडोशाला बसायचं. चालत गाठायचं म्हटलं तर सागाचं वाळलेलं पान पायाखाली कडकन वाजतं म्हणून पाय आधी कडेने टेकवायचा, मग वजन द्यायचं. वर झाडावर वानरं असतील तर अजून अवघड, त्यांनी एकदा खेकसलं की खालची चितळं माना वर करतात आणि झालं मग. कधी कधी पुरा पाडा मिळून हाका घालायचा, म्हणजे आरडाओरडा करून जनावर हुसकायचं, पण त्यात जनावर पळतंच असतं, नेम साधणं कठीण. मोकळ्या माळावरचं काळवीट तर आडोसाच नाही म्हणून बाणाला सहसा सापडत नाही.

नेम पुढच्या पायाच्या मागे, छातीत. आणि बाण लागला की मागे धावायचं नाही! हे सगळ्यात महत्त्वाचं. हरिण थोडं पळून आडोशाला बसतं, मागे लागलात तर जीव खाऊन लांब जातं आणि हरवतं. थांबून मग रक्त बघत जायचं. गुलाबी फेसाळ असेल तर बाण फुफ्फुसात, जनावर जवळच मिळेल. काळपट असेल तर काळजात (म्हणजे यकृतात), थोडं आणखी थांबायचं. हिरवट घाण वास येत असेल तर पोटात लागलाय, मग काही तास जाऊ द्यावे लागतात. नुसतं खालीच नाही, गवताच्या पात्यांच्या कडांवरही बघायचं, कारण त्या उंचीवरून जखम किती वर आहे ते कळतं.

हे माग काढणं इंग्रजांच्याही कामी आलं. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, आणि भिल्लांचा विश्वास त्याने बराचसा त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊनच मिळवला. पुढे १८५७-५८ मध्ये खाज्या नाईकाच्या भिल्लांनी सातपुड्यात इंग्रजांशी लढताना हाच तीरकामठा वापरला.

आजही काठी गावच्या होळीला माणसं तीरकामठा घेऊन नाचायला येतात, पाड्यावरची पोरं आंब्याच्या कैऱ्यांवर नेम धरतात. पण रक्ताचा माग काढता येणारी माणसं आता म्हातारी झालीत, वनखात्याने त्यांना जखमी जनावर शोधायला सोबत घ्यावं.