एनएसडीला अर्ज करताय? आधी सहा नाटकांचे कागद गोळा करा

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची, म्हणजे एनएसडीची, जाहिरात आली की एकांकिका करणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, "ऑडिशनला काय करू?" माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आपल्याकडच्या मुलांना रंगमंचाचा अनुभव भरपूर असतो, पण त्याचे कागद कुणी जपलेले नसतात. अर्जाच्या शेवटच्या दोन दिवसांत धावपळ होते ती त्यामुळे.

थोडी ओळख. संगीत नाटक अकादमीने १९५९ साली ही संस्था सुरू केली. १९७५ पासून ती स्वायत्त आहे आणि केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ आणि निवासी. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, पुढे अभिनय किंवा दिग्दर्शन-डिझाइन अशी वाट निवडायची. जागा देशभरातून मोजून तीसेक. रोहिणी हट्टंगडी, वामन केंद्रे, अतुल कुलकर्णी ही इथूनच शिकून आलेली मराठी मंडळी. केंद्रे तर पुढे याच संस्थेचे संचालक झाले.

अर्ज कोण करू शकतं

कोणत्याही शाखेची पदवी चालते. नाट्यशास्त्रच हवं असं नाही. बीकॉम, इंजिनिअरिंग, काहीही. वय १८ ते ३०, आणि ते आजवर प्रवेशाच्या वर्षातल्या १ जुलैला मोजत आले आहेत. अनुसूचित जाती-जमातींना वरच्या मर्यादेत ५ वर्षांची सवलत. हिंदी आणि इंग्रजी कामापुरती यायला हवी. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर निकाल कोणत्या तारखेपर्यंत लागलेला हवा, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा आणि मगच फी भरा.

याशिवाय दोन अटी अशा, की त्या ऐनवेळी पुऱ्या करता येत नाहीत: किमान ६ वेगवेगळ्या नाटकांत सहभाग आणि नाट्यक्षेत्रातल्या एका जाणकाराचं शिफारसपत्र.

सहा वेगवेगळी नाटकं म्हणजे सहा प्रयोग नव्हेत. एकाच एकांकिकेने पाच स्पर्धा गाजवल्या तरी यादीत तिची ओळ एकच. स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर बऱ्याचदा फक्त कॉलेजचं किंवा संस्थेचं नाव असतं, तुमचं नसतं. अशा वेळी संस्थेच्या लेटरहेडवर स्वतंत्र पत्र घ्या: नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, प्रयोगाची तारीख, नाट्यगृह आणि तुमचं काम. खाली सही-शिक्का. सोबत कलाकारांची नावं छापलेली पत्रिका किंवा वर्तमानपत्रातलं कात्रण असेल तर उत्तम. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र जोडायचं का, असंही काहीजण विचारतात. ते संहितेला मिळतं, नटाला नाही. त्यातून तुमचा सहभाग सिद्ध होत नाही.

हे पत्र नाटक संपलं की त्याच आठवड्यात मागून घ्यावं. वर्षभराने जुन्या सेक्रेटरीला फोन लावला तर तो नोकरीला बाहेरगावी गेलेला असतो आणि शिक्का कुणाच्या कपाटात आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत किंवा कोकणातल्या दशावतारात काम करणाऱ्यांची अडचण आणखी मोठी, कारण तिथे लेखी व्यवहार कमी. मंडळाच्या मालकाकडून साध्या कागदावर का होईना, सहीनिशी लिहून घ्या आणि प्रयोगाच्या जाहिरातीचा फोटो ठेवा.

शिफारसपत्रासाठी मोठ्या नावाच्या मागे लागू नका. ज्याने तुम्हाला तालमीत पाहिलंय, अशा दिग्दर्शकाचं किंवा प्राध्यापकाचं पत्र घ्या. जो तुम्हाला ओळखतच नाही तो 'मेहनती व होतकरू' यापलीकडे काय लिहिणार?

दाखले केंद्राचे लागतात

ही संस्था केंद्र सरकारची, त्यामुळे आरक्षणाचे नियमही केंद्राचे. महाराष्ट्रातले अर्जदार नेमके इथे अडकतात. कॉलेजच्या प्रवेशाला चाललेलं राज्याच्या नमुन्यातलं ओबीसी किंवा नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र इथे चालेल असं गृहीत धरू नका. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं काढावं लागतं. त्याआधी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हे बघा. राज्यात व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) किंवा एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) म्हणून सवलत घेणाऱ्यांसाठी केंद्रात तसे स्वतंत्र प्रवर्ग नाहीत. यातल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, त्यांनी तिथून अर्ज करायचा. राज्याचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गही केंद्रात नाही. केंद्राच्या कोणत्याही आरक्षणात न बसणाऱ्यांना ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) पर्याय असतो, मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि पाच एकर शेती किंवा हजार चौरस फुटांचा फ्लॅट इतकी किंवा त्याहून जास्त मालमत्ता नसावी, अशा अटीही आहेत. हा दाखला आर्थिक वर्षापुरताच असतो. म्हणजे गेल्या वर्षीचा फाईलमध्ये पडलेला असेल तर तो नवा काढा. तहसीलच्या रांगेत आणि सेतूच्या सर्व्हर डाऊनमध्ये किती दिवस जातात, हे तुम्हाला सांगायला नको.

बाकी कागद नेहमीचे: जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, पदवी आणि गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, सही. नावाकडे मात्र नीट बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मध्येच वडिलांचं नाव गायब. अर्जात दहावीप्रमाणेच नाव भरा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेटची किंवा विवाह नोंदणीची प्रत जोडून ठेवा.

निवड दोन टप्प्यांत

पहिली चाचणी देशातल्या निरनिराळ्या केंद्रांवर होते, मुंबई हे त्यातलं नेहमीचं केंद्र. त्यातून निवडलेल्यांना दिल्लीला भगवानदास रोडवरच्या बहावलपूर हाऊसमध्ये बोलावतात. तिथे काही दिवसांची कार्यशाळा असते: आवाज, शरीर, उत्स्फूर्त प्रसंग, गटात काम, मुलाखत. शेवटी वैद्यकीय तपासणी. दिल्लीला जाताना सगळे मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच हाताशी ठेवा.

ऑडिशनची तयारी

संस्था संवादांचे उतारे देते, त्यातून निवडायचं. उतारा पाठ करण्याआधी ते अख्खं नाटक वाचा. पात्र त्या क्षणी कुणाशी बोलतंय, त्याला काय हवंय, हे माहीत नसलं की उरतो तो नुसता आवाज.

स्पर्धांच्या सवयी इथे नडतात. पुण्याच्या भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा आवाज छोट्या खोलीत दहा फुटांवरच्या परीक्षकांवर सोडला की ते मागे सरकतात. टाळीच्या वाक्याआधीचा तो ठरलेला पॉज, डोळ्यांत पाणी आणायची घाई, शेवटी गुडघ्यावर बसणं, हे सगळं त्यांनी त्याच सकाळी अनेकदा पाहिलेलं असतं. बऱ्याचदा ते मध्येच थांबवतात आणि म्हणतात, हेच आता कानात कुजबुजून सांग, किंवा भांडी घासता घासता बोल. सूचना ऐकून तुम्ही किती बदलता, ते त्यांना पाहायचं असतं. घरी सराव करताना मित्राला बसवा आणि दर वेळी नवी सूचना द्यायला सांगा. एकाच पद्धतीने पन्नास वेळा घोटलेला उतारा अशा वेळी हलत नाही.

हिंदी उच्चारांवर आत्तापासून काम करा. आपला 'जा' दाताजवळून येतो, हिंदीतला 'जा' टाळूवरून. 'चाकू'चंही तेच. 'पैसा' आणि 'कौन' आपण 'पइसा', 'कउन' असे फोडून म्हणतो. हिंदीत तो एकच, मोकळा स्वर आहे. 'कृपा' तिकडे 'क्रिपा' होते, 'ज्ञान' 'ग्यान' होतं. स्वतःचं रेकॉर्डिंग हिंदी मातृभाषा असलेल्या कुणाला तरी ऐकवा, घरच्यांना नको. थोडा मराठी हेल राहिला म्हणून कुणी बाद करत नाही, शब्दच कळला नाही तर मात्र अडचण होते.

गाणं म्हणायला सांगितलं तर सिनेमाचं नको. ओवी, भारूड, गवळण, पोवाडा यांतलं जे घरात किंवा गावात ऐकलंय ते म्हणा. सूर जेमतेम असला तरी चालतं, ताल सुटू देऊ नका. मुलाखतीत तुमच्या भागातल्या रंगभूमीबद्दल विचारलं तर बोलता यायला हवं. भंडाऱ्याहून येऊन झाडीपट्टीबद्दल गप्प बसणारा मुलगा विचित्र वाटतो. अलीकडे पाहिलेल्या दोन-तीन नाटकांबद्दल स्वतःचं मत तयार ठेवा, 'छान होतं' याच्या पुढचं. डिझाइनकडे ओढा असेल तर नेपथ्याची स्केचेस, मॉडेलचे आणि प्रकाशयोजनेचे फोटो एका फाईलमध्ये लावून न्या. कपडे साधे, वाकता-लोळता येईल असे.

तीसेक जागा आणि अख्खा देश, त्यामुळे बाकीचे अर्जही त्याच हंगामात भरून टाका: मुंबई विद्यापीठाची कालिन्याची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातला नाट्यशास्त्र विभाग. एनएसडीचीही वाराणसी, बंगळुरू, गंगटोक आणि आगरतळा इथे केंद्रं आहेत, त्यांचे अर्ज वेगळे निघतात. राज्याच्या विद्यापीठांत मात्र राज्याच्याच नमुन्यातले दाखले लागतात, म्हणून दोन्ही संच काढून ठेवा.